धवलारीण आणि चार हातांचे पाहुणे

कोपर गावात सखुबाई मढवीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. भाडोत्री तर सोडाच, तिचा सख्खा मुलगा मधु, पन्नाशीला टेकलेला, दोन चाळींचा मालक, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी, तोसुद्धा आईला काही सांगायचं असलं की बायकोला पुढे ढकलायचा. बायको वैशाली मुलीला ढकलायची. मुलगी दिशा तेवढी आजीसमोर जाऊन उभी राहायची, कारण आजी तिला ओरडायची नाही. बाकी सगळ्या जगाला ओरडायची. टँकरवाल्याला, नळाला मोटर लावणाऱ्यांना, न विचारता ओट्यावर येऊन बसणाऱ्या इस्टेट एजंटांना, आणि टॉवरच्या बाराव्या मजल्यावरून केळ्याची सालं टाकणाऱ्यांना, ज्यांची तोंडंही तिला खालून दिसत नसत.

ही बाई जन्मली दिवा गावाच्या अलीकडे, मिठागरात. आता तिथे इमारती इतक्या चिकटून उभ्या आहेत की शेजारच्या घरातल्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो. पण तेव्हा नुसतं पांढरं मीठ आणि वर ऊन. लहानपणापासून मिठाच्या पाण्यात उभं राहून तळपाय असे कडक झाले होते की काचेवर पाय पडला तर काच फुटायची, असं ती स्वतः सांगायची. पंधराव्या वर्षी कोपरच्या काळुराम मढवीशी लग्न झालं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी काळुराम काविळीने गेला. पदरात मधु. त्या काळी विधवेला शुभकार्यात कुणी दारात उभं करत नसे. हळद लावायला नको, ओटी भरायला नको, सून घरात येताना समोर तर अजिबात नको. सखुबाई गावच्या लग्नांत मांडवाच्या मागे बसून टोपं घासायची आणि घासता घासता धवले ऐकायची.

धवला म्हणजे लग्न लावायचं गाणं. आगऱ्यांच्या मांडवात भटजी आला तो मागाहून. त्याच्या आधी लग्न लावायची ती बाई, धवलारीण. नवरानवरीला समोर पाटावर बसवून ती गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, दोन्ही घरांतल्या मेलेल्या माणसांना नावानिशी हाक मारून मांडवात आणते, आणि सगळे आले की मग शेवटी गाठ बांधते. गावची जुनी धवलारीण गोमीबाई. तिने एका लग्नात टोपांच्या ढिगामागून आपल्या गाण्याला बरोबर जोड देणारा आवाज ऐकला आणि सखुबाईला राखेच्या हातांनीच पुढे आणून बसवलं. हिला नवरा नाही, असं कुणीतरी बोललं. "गान्याला नवरा लागत नाय," म्हातारी म्हणाली, आणि विषय संपला. ज्या मांडवात मागच्या दारानेही घेत नव्हते, तिथे सखुबाई त्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढे पाटावर बसायला लागली. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा तिचा राग कळेल.

गोमीबाईने तिला गाणं दिलं तसे दोन नियमही दिले. समोर जोडपं असल्याशिवाय धवला म्हणायचा नाही. आणि एकदा सुरू केला की गाठीचं शेवटचं कडवं होईपर्यंत थांबायचं नाही, मध्ये दुसरा शब्द बोलायचा नाही, जागचं उठायचं नाही. अर्ध्यात उठलं तर लग्न लागत नाही. भटजी काय बोलला आणि कागदावर कुणी काय लिहिलं, हे सखुबाईच्या लेखी हॉलच्या भाड्यात फुकट मिळणाऱ्या खुर्च्यांइतकंच होतं. चाळीस-बेचाळीस वर्षं तिने कोपर, आयरे, भोपर, पार दिव्यापर्यंत लग्नं लावली. बाजारात पन्नाशीचा गडी दिसला तर खुशाल म्हणायची, "तुजं लगीन मी लावलंय, पिशवी धर." आणि तो निमूट धरायचा.

तर अशा बाईच्या ओट्यावर दोन वर्षांपूर्वी सौमित्र येऊन बसला. ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळ राहणारा, तिशीतला, गोरागोमटा, बोलणं कसं अगदी इस्त्री केलेलं. पिक्चर काढतो म्हणाला. सोबत माईक आणि पेटाऱ्याएवढी बॅग.

"आजी, हे सगळं लुप्त होत चाललंय. कुणीतरी जपून ठेवायला हवं."

"लुप्त कोन? मी बसलंय ना हितं," सखुबाई म्हणाली.

पण पोरगा चिवट. तीन दिवस आला. चप्पल काढून, मांडी घालून, वहीत लिहून घ्यायचा. चौथ्या दिवशी तिने मान्य केलं, पण जोडप्याशिवाय गाणार कशी? सौमित्र म्हणाला, नुसतं रेकॉर्डिंग आहे, खरं लग्न कुठे आहे? ती त्याच्याकडे असं बघत राहिली की त्याने मान खाली घातली. शेवटी तिने पाट मांडला, त्यावर दोन सुपाऱ्या ठेवल्या, एकीला हळद लावली, एकीला कुंकू, आणि सुपारीचं सुपारीशी लग्न लावलं. पावणेदोन तास. डोळे मिटून, घोटभर पाण्याशिवाय, शेवटच्या गाठीपर्यंत. मग दोन्ही सुपाऱ्या खाडीत सोडायला स्वतः गेली, आणि आल्यावर त्या पोराला जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. इतक्या प्रेमाने तिने जावयालाही वाढलं नसतं. मधुने तेवढ्यात कसल्याशा कागदावर सही ठोकून दिली. त्यात काय लिहिलंय हे वाचायची त्याला गरज वाटली नाही, कारण पडद्यावर आभारात त्याचं नाव येणार होतं.

पुढे खाडीच्या काठावर शूटिंग सुरू झालं. पत्र्याचं आणि थर्माकोलचं भलंमोठं यान चिखलात रुतवून ठेवलेलं, त्याच्या अवतीभवती हिरव्या रंगाची, चार-चार हातांची माणसं वडापाव खात बसलेली. सगळं गाव बघायला लोटलं. सखुबाईही गेली.

"ह्यो काय परकार?" तिने सौमित्रला विचारलं.

"आजी, परग्रहावरचे लोक पृथ्वी ताब्यात घ्यायला येतात. विनोदी आहे."

"त्यात काय इनोद? आमच्याकरं रोज येतात. त्यांचं ऑफिस ठान्याला हाय."

सौमित्र पोट धरून हसला आणि हे वाक्य त्याने वहीत लिहून घेतलं. तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. पण आपल्या गाण्याचा आणि या हिरव्या बाप्यांचा काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यात येणारच कसं? ती आपली समजून होती की पिक्चरात कुठेतरी लग्न असणार.

पिक्चर लागला त्या पहिल्या रविवारी मधुने टेम्पो ट्रॅव्हलर केली आणि गावच्या अठरा बायका दुपारच्या शोला ठाण्याला नेल्या. सगळ्या काष्ट्याच्या लुगड्यात, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं. सखुबाई मधोमध, शेजारी दिशा. "चार हातांचे पाहुणे" अशी मोठाली अक्षरं आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पिक्चर तसा धमाल होता, खोटं कशाला बोला. चार हातांचे लोक खाडीत उतरतात, जग जिंकायला निघतात, आणि पहिल्याच वळणावर अडीच तास ट्रॅफिकमध्ये अडकतात. सोसायटीचा सेक्रेटरी यानाला पार्किंगची पावती फाडून देतो. दिव्यात सैन्य घुसतं तर उभं राहायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, शेवटी सेनापती स्वतः हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहतो आणि बायका त्याला चार हात असून एकच हंडा आणला म्हणून झापतात. थेटर नुसतं फुटत होतं. सखुबाईसुद्धा दोनदा हसली.

मध्यंतरानंतर त्यांचा राजा आला. नऊ फुटी, हिरवागार, कपाळावर तिसरा डोळा नाही तर चौथा. त्याने चारही हात वर केले, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडातून सखुबाईचा आवाज आला.

तिचाच. गावदेवीला मांडवात बोलावते तिथपासूनचा. राजा तिच्या आवाजात गात होता, हातातून जांभळा किरण सोडत होता आणि ज्याच्यावर किरण पडेल त्याचा टणकन भोपळा होत होता. पोलिसाचा भोपळा. रिक्षावाल्याचा भोपळा. लोक खुर्च्यांवर हात आपटत हसत होते. एका माणसाला तर ठसका लागून त्याच्या बायकोने पाठीत गुद्दे घातले. राजा गातोय आणि खाली पांढरी अक्षरं सरकतायत. सखुबाईला वाचता येत नव्हतं.

"खाली काय लिवलंय?" तिने दिशाला विचारलं.

दिशाने तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

"पोरी, मी काय इचारतंय?"

"लिहिलंय की... हा ग्रह आता आमचा आहे. तुमची शहरं आम्ही जाळून टाकू."

सखुबाई त्या वेळी पडद्यावर सासऱ्याला हाक मारत होती. नावाने. रामा मढवी, मांडवात या, पोराबाळांना बघा. आणि रामा मढवीच्या नावावर एका शाळामास्तराचा भोपळा झाला. अठरा बायकांच्या रांगेत पहिलं हसू फुटलं ते वैशालीचं, तिच्या सख्ख्या सुनेचं. तिने तोंडावर पदर घेतला, पण काय उपयोग? तिच्यामागून सगळी रांग हसली. ज्यांच्या लग्नात हाच धवला ऐकून त्यांच्या आया रडल्या होत्या, त्या बायका हसल्या. शेवटी आभारात मधुचं नाव आलं तेव्हा मधुने शिट्टी मारली.

सौमित्र बाहेर दारातच उभा होता, लोकांचे हात हातात घेत. सखुबाई त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"आजी, कसा वाटला? हा तुमचा सन्मान आहे. सगळे तुमच्याच आवाजाबद्दल बोलतायत."

"माज्या सासरच्या मेलेल्या मानसांना हाक मारली मी ती," सखुबाई म्हणाली. "तू त्यांना हिरवा रंग लावलास."

"तसं नाही हो आजी. आम्हाला परग्रहाची भाषा हवी होती. अशी की जी ऐकून कुणालाच..." तो तिथेच थांबला, पण व्हायचं ते झालं होतं. कुणालाच कळत नाही, हे त्याला म्हणायचं होतं, आणि सखुबाई अडाणी असली तरी बहिरी नव्हती.

"माज्या हातचं जेवलास तू," ती म्हणाली. "ते तुना पचू नये." आणि ती टेम्पोत जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव तोंडाने घेतलं नाही. घ्यायचंच झालं तर भोपळा म्हणायची.

पुढचं तर विचारूच नका. महिनाभरात कुणा डीजेवाल्याने तो राजाचा तुकडा उचलला, खाली धडाम-धडाम ठोका टाकला आणि आगरी हळदींमध्ये तेच गाणं वाजायला लागलं. जे गाणं लग्न लावायला म्हणायचं, ते लग्नाच्याच आदल्या दिवशी भिंतीएवढ्या स्पीकरवर, आणि त्यावर पोरं दोन हातांच्या मागे दुसऱ्याचे दोन हात जोडून चार हातांनी नाचतायत. सखुबाई रस्त्याने निघाली की मागून कुणीतरी भोपळा झाल्यासारखा टणकन आवाज काढायचं. तिने दोघांना चपलेने मारलं, एकाच्या आईला शिव्या घातल्या, पण किती जणांना मारणार? भोपरला एका लग्नाला बोलावणं आलं म्हणून ती खुशीत गेली, तर मांडवात तिच्या पाटाशेजारी फोटोसाठी हिरवा रंग फासलेला चार हातांचा माणूस उभा केलेला. तिने पाट उलटा केला आणि चालत कोपरला आली. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. कोण बोलावणार? म्हातारी अंगावर येते, असं गावभर झालं.

या वर्षी दिशाचं लग्न ठरलं. मुलगा दिव्याचा, दिपेश, शांत, रेल्वेत नोकरी. सखुबाईच्या आयुष्यात आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दिशाचं लग्न लावणं. पोरीच्या बारशालाच तिने तसं बोलून ठेवलं होतं. पण वैशालीने आधी तोंड उघडलं, या खेपेला नवऱ्याला पुढे ढकलून.

"आये, या टायमाला ऱ्हाऊ दे ना," मधु म्हणाला. "एसी हॉल हाय. साडेबाराचा मुहूर्त, तीनला हॉल खाली करायचाय. आनि लोक हासतील. दिव्याच्या लोकांसमोर आपलीच शोभा."

"म्हंजे पोर बिनलग्नाची पाठवतोस," सखुबाई म्हणाली.

"भटजी हाय ना."

"मग भटजीलाच आये बोल."

चार दिवस घरात धुसफूस चालली. वैशालीने भांडी आपटली, सखुबाईने वेगळी चूल मांडायची भाषा केली. शेवटी दिशाच दोघांच्या मध्ये उभी राहिली. "आजी गाणार. ती गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही, मग हॉल तीनला खाली करा नाहीतर आत्ताच करा." सखुबाई त्या रात्री नीट जेवली. पोरगी आपली आहे, एवढं तिला पुरे होतं. बाकीचे हसले तर हसले, ती बघून घेणार होती. मधुने मात्र आईला न सांगता सौमित्रला पत्रिका दिली. पिक्चरवाला माणूस लग्नाला आला तर दिव्याकडच्या पाहुण्यांत वजन पडेल, एवढीच त्याची अक्कल.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, सनई वाजली, आणि मग सखुबाई पुढे येऊन पाटावर बसली. सकाळपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. समोर दिशा आणि दिपेश, मुंडावळ्या बांधलेले. पहिल्या सोफ्यावर सौमित्र बसलेला तिने पाहिला, पण धवला सुरू करायचा होता. तिने डोळे मिटले आणि सुरू केला.

गावदेवी आली. खाडी आली. हॉल गप्प होता, काही म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदरही लावला. आणि तेवढ्यात मागे कुठेतरी मोबाईल वाजला. कुणा गाढवाने रिंगटोन म्हणून तेच ठेवलं होतं, डीजेवालं. हॉलमध्ये दोन सखुबाया गायला लागल्या, एक पाटावर आणि एक खिशात, खिशातली ठोक्यासकट. आधी मागची पोरं हसली. मग मधल्या खुर्च्या. दोन पोरं उठून चार हात करून उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघून दिव्याचे पाहुणेही हसायला लागले. सखुबाई गात राहिली. थांबायचं नाही, दुसरा शब्द बोलायचा नाही. नाहीतर तिने एकेकाची सात पिढ्यांची ओळख करून दिली असती. रामा मढवीला तिने हाक मारली, काळुरामला मारली, आणि नातीकडे बघितलं.

दिशाचे खांदे हलत होते. मेंदीचा हात तोंडावर दाबलेला, डोळे गच्च मिटलेले, आणि बोटांच्या फटीतून हसू बाहेर पडत होतं.

सखुबाई थांबली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "जालं. उठा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने नवरानवरीला लाइटखाली घेतलं, वैशालीने सुटकेचा श्वास सोडला, आणि मधु सगळ्यांना जेवायला चला म्हणत हिंडायला लागला.

सखुबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. तिला आतून बरं वाटत होतं, का नाही वाटणार? हसा. गाठ बांधलीच नाही मी. आता येतील. कुणीतरी म्हातारी येईल, विचारेल, सखू, गाठीचं कडवं कुठे गेलं? मग वैशाली येईल रडत, मधु पाय धरेल. तिने वाट पाहिली. तिने लग्न लावलेल्या बायका तिच्यासमोरून पुऱ्या घेऊन गेल्या. आयऱ्याची एक, भोपरच्या दोघी, तिच्याच भावकीतली एक. एकीने जाता जाता, "काकी, मस्त झालं हां," म्हटलं आणि मठ्ठा घ्यायला गेली. आठशे माणसांचा हॉल आणि धवला अर्धा राहिला हे एकालाही कळलं नाही. कुणाला शिक्षा दिली होती तिने? त्यांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं तिला एकटीला, आणि तिची दिशा तिकडे बिनगाठीची हसत गुलाबजाम खात होती.

कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. सौमित्र होता, हातात ताट.

"आजी," तो अगदी हळू म्हणाला, "गाठीचं राहिलं ना? काळुरामना बोलावलंत आणि तुम्ही उठलात. त्याच्यापुढे अजून नऊ कडवी आहेत."

सखुबाईने त्याच्याकडे बघितलं. "तुना कसं ठाव?"

"चार महिने रोज ऐकलंय. तुकडे कापायला बसायचो तेव्हा."

"म्हन."

त्याने म्हटलं. ताट हातात धरून, आवाज खाली ठेवून, नऊच्या नऊ. नवरीचं नाव येतं तिथे तो क्षणभर अडखळला आणि सुपारी म्हणाला, कारण त्याने तेवढंच ऐकलं होतं. बाकी एक अक्षर चुकलं नव्हतं. सगळ्या जगात आता हे गाणं दोघांना पुरं येत होतं, एक ती आणि दुसरा हा भोपळा. पिक्चर बघताना आला नव्हता एवढा राग तिला आत्ता आला.

"आजी, मी खरंच माफी..."

"मागू नको. मी देनार नाय. ताट ठेव आनि निघ. गाठ बांधताना तू मांडवात नको मना."

त्याने ताट खुर्चीवर ठेवलं, न जेवता दाराकडे गेला, आणि तो बाहेर पडेपर्यंत सखुबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग ती नवरानवरीच्या टेबलाशी गेली.

"हात थांबव," तिने दिशाला सांगितलं. "तुजं लगीन नाय लागलं. मी अर्ध्यात उठले."

"काहीतरीच काय आता," वैशाली मधेच म्हणाली.

"तू गप."

दिशाने चमचा खाली ठेवला. "का उठलीस, आजी?"

"तू हासलीस."

वैशाली सारवासारव करायला लागली, पण दिशाने तिला हाताने थांबवलं. "हो, हसले. खूप दाबलं, नाही जमलं. आजी, लहानपणापासून मी तुझ्या मांडीवर बसून हे ऐकलंय. पण आता तू गायला लागलीस की मला तो हिरवा राजाच दिसतो. मी नाही आणत त्याला. तोच येतो. मी काय करू, सांग ना."

याच्यावर सखुबाईकडे शिवी नव्हती. टँकरवाल्याला देता येते, सुनेला देता येते, पण नातीच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं त्याला कशी देणार? पोरीने निदान खोटं सांगितलं नव्हतं.

"येऊ दे त्याला," शेवटी ती म्हणाली. "तू हास. आता मी थांबत नाय."

तिने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, दोघांच्या समोर बसली, उष्ट्या ताटांच्या पलीकडे, आणि काळुरामच्या पुढच्या कडव्यापासून उचललं, कारण बोलावलेले सगळे अजून मांडवातच होते. इतक्या हळू की बाजूच्या टेबलावरही कळलं नाही. सुरुवातीलाच दिशाला हसू आलं. ती हसली, डोळे पुसले, परत हसली, पण नजर आजीच्या तोंडावरून काढली नाही. दिपेशने हात पुसून तिचा हात धरला. हॉलवाला तीन वाजल्याचं सांगायला आला, सखुबाईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवरीचं नाव आलं तिथे तिने दिशा घातलं, नवऱ्याचं आलं तिथे दिपेश. शेवटच्या कडव्यापर्यंत दिशाला हसू आवरलं नाही, आणि लग्न लागलं.